ड्रायव्हरबाईंचा डावा पाय

मित्रांनो, तुम्हा सगळ्यांना पाय आहेत. माझे उलटे आहे. मी स्वतःच एक पाय आहे आणि माझी एक बाई होती. होती म्हणतो म्हणून घाबरू नका, बाई चांगल्या ठणठणीत आहेत. फक्त आता त्या माझ्यावर उभ्या राहत नाहीत.

मी गुडघ्याखालचा, डावा, लाकूड, चामडे आणि रबर यांचा केलेला जुना पाय. सध्या माझा मुक्काम शिलाई मशीनच्या शेजारी, भिंतीला टेकून असतो. आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ज्याचे सारे आयुष्य चालण्यात गेले, त्याला भिंतीला टेकवून वाट बघायला लावणे ही फार वाईट शिक्षा आहे. तेव्हा वेळ जावा म्हणून तुम्हाला माझी हकिगत सांगतो.

माझा जन्म एका धर्मादाय इस्पितळाच्या मागच्या शेडमध्ये झाला. तिथला कारागीर हलक्या लाकडाचे ठोकळे रंध्याने तासून त्यांचे पाय करायचा. त्याच्या केसांत भुसा असायचा आणि बोटांना सरस चिकटलेला असायचा. त्याने माझ्या वरच्या टोकाला खोलगट वाटी कोरली, म्हणजे माणसाचा उरलेला पाय त्यात नीट बसावा. वाटीला आतून मऊ चामडे लावले. मांडीला बांधायला पट्टे आणि बकले दिली. खाली रबरी पाऊल बसवले, आणि ते चांगले मोठे, पुरुषी होते. लढाई नुकतीच संपली होती, आणि पाय मागायला येतील ते सगळे पुरुषच असतील असे धरून शेडमध्ये तेवढीच पावले मागवली होती.

मग एके दिवशी कुबड्यांवर ठकठक करत एक तरुण बाई आत आल्या.

"कुणासाठी हवाय पाय?" कारागिराने मान खाली ठेवूनच विचारले.

"माझ्यासाठी."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "बायकांचं पाऊल नाही माझ्याकडे."

"मग पुरुषाचं द्या. चालायचं मला आहे. पाऊल कुणाचं का असेना!"

तो हसला. त्याने माझी उंची कमी केली, वाटी आणखी तासली आणि मला बाईंच्या हवाली केले. पाऊल मात्र मोठे ते मोठेच राहिले. तेव्हापासून बाईंना दर वेळी बुटांचे दोन जोड घ्यावे लागत, एक त्यांच्या पायाच्या मापाचा आणि एक माझ्या. उरलेले दोन बूट कपाटात कोरे करकरीत पडून राहत.

बाईंचा खरा पाय कुठे गेला, ते सांगायला हवे. लढाईत सैन्याला माणसे कमी पडू लागली, तेव्हा सरकारने बायकांचे एक सहायक दल उभे केले होते. कुणी गाड्या चालवल्या, कुणी टेलिफोनच्या खोलीत बसल्या, कुणी कोठारे सांभाळली. बाई रुग्णवाहिका चालवत. एका दुपारी त्या पुढच्या चौकीवरून जखमी जवान घेऊन परत येत होत्या. उतारावर तोफेचा गोळा जवळच पडला आणि गाडी कलंडली. पुढचा पत्रा आत दबला आणि बाईंचा डावा पाय क्लचपाशी अडकला. काही केल्या सुटेना. मागे जखमी कण्हत होते. बाईंनी हॉर्नवर हात दाबला, तो मदत येईपर्यंत उचललाच नाही. मागचे सगळे वाचले. पाय वाचला नाही.

हे मी पाहिलेले नाही. मी तेव्हा झाडात होतो. पण हे मी इतक्या लोकांपुढे, इतक्या वेळा ऐकले आहे की मला पाठ आहे.

लढाई संपली, दल मोडले. बायकांना एकेक बिल्ला मिळाला, साहेबांनी हात हातात घेतले आणि बायका आपापल्या घरी गेल्या.

सुरुवातीला बाईंचे आणि माझे अजिबात जमले नाही. मी त्यांना चावायचो. पट्टे करकचून बांधले की कातडी सोलून निघायची, सैल सोडले की मी ऐन वेळी फिरायचो आणि पाऊल भलतीकडे वळायचे. बाई मला काढून भिंतीवर फेकत. मग थोड्या वेळाने एका पायावर लंगडी घालत येत, मला उचलत आणि पुन्हा बांधत. असे करता करता एक दिवस आमच्या दोघांच्याही लक्षात आले की आपण चालत रस्त्याच्या टोकापर्यंत आलो आहोत.

पण नुसते चालून बाईंचे समाधान होणार नव्हते. त्यांना गाडी चालवायची होती. ज्या पायाला काही कळत नाही त्याने क्लच दाबायचा कसा? पहिल्या दिवशी त्या एका मोकळ्या मैदानात गाडी घेऊन बसल्या आणि मी क्लचवर कितपत दाबलो गेलो ते मांडीला बसणाऱ्या धक्क्यावरून ओळखायला शिकल्या. गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती. बाईंना घाम फुटला होता. त्या मधेच थांबून रडल्या, डोळे पुसले आणि परत चावी फिरवली. संध्याकाळपर्यंत गाडी सरळ चालू लागली. त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदाच मला फेकले नाही. पुसून, नीट उभा करून ठेवले.

पुढे त्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागल्या. सगळे त्यांना ड्रायव्हरबाई म्हणू लागले. शिकणारा घाबरला की त्या पँटवरून माझ्यावर बोटाने टकटक वाजवत. "हा बघ. याला काडीचंही कळत नाही, तरी क्लच बरोबर दाबतो. तुला तर देवानं डोकं दिलंय!" सगळे हसत. मला उगाचच चार इंच उंच झाल्यासारखे वाटे.

तिथेच एक शिंपी गाडी शिकायला आले. त्यांनी फाटक पाडले, कुंड्या फोडल्या, एकदा तर गाडी थेट स्कूलच्या ऑफिसात घातली. लायसन्स त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. बाई मात्र मिळाल्या. लग्नानंतर शिंपीबुवांनी माझ्याकडे जातीने लक्ष दिले. वाटीच्या आत मऊ गाद्या शिवल्या, तुटलेले पट्टे मशीनवर दुहेरी टीप घालून जोडले, बाईंच्या पँटींना माझ्या बाजूने थोडा जास्त घेर ठेवला. माझ्यासारख्याला यापेक्षा सुखाचे दिवस कोणते?

वर्षे गेली. बाईंचे केस पिकले, आणि त्यांचा उरलेला पाय हळूहळू आक्रसत गेला. माझी वाटी त्याला मोठी पडू लागली. आधी एक लोकरी मोजा घालून भागत होते, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. माझे चामडे तडकले. टाचेचे रबर झिजून मी डुगडुगू लागलो. जिथे माझा जन्म झाला ती शेड केव्हाच बंद पडली होती आणि तो कारागीरही गेला होता. एक दिवस स्कूलच्या अंगणात, शिकणाऱ्या मुलामुलींच्या देखत, मी मधेच दगा दिला आणि बाई सपशेल तोंडावर पडल्या.

कुणी हसले नाही. तेच बाईंना जास्त लागले.

त्या रात्री जेवताना शिंपीबुवा म्हणाले, "अगं, नवा पाय घेऊ या. सैन्याचं कृत्रिम पायांचं केंद्र आहे ना? फार चांगले पाय करतात म्हणे."

"तिथं सैनिकांनाच मिळतो."

"मग तू कोण आहेस?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला बांधले आणि आम्ही माजी सैनिक कल्याण कार्यालयात गेलो.

मित्रांनो, माणसे टेबलाच्या वरचे जग बघतात, मी टेबलाखालचे बघतो. तिथे थकलेल्या टाचा असतात, सुजलेले घोटे असतात, बाकाखाली ताणून ठेवलेले पाय असतात. काही माझे जातभाईही होते. सगळ्यांची एकच चुळबुळ चाललेली असायची, आपण बसतो की नाही बसत? म्हणजे बाकावर नव्हे, नियमात.

खिडकीतला कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "बाई, साहेबांना पाठवा. माजी सैनिकानं स्वतः यायचं असतं."

दुसऱ्या दिवशी बाई शिंपीबुवांना घेऊन गेल्या. कारकुनाने त्यांना विचारले, "कुठल्या तुकडीत होता?"

"मी? मी लेडीज आणि जेंट्स दोन्ही शिवतो," शिंपीबुवा म्हणाले. "बंदूक मी फक्त चित्रात पाहिली आहे. सैन्यात ही होती."

कारकुनाने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बाईंकडे पहिल्यांदा नीट पाहिले. माणूस वाईट नव्हता. उठून आतून जाडजूड नियमावली घेऊन आला आणि पाने चाळू लागला. "हे बघा, सहायक दलातल्या ज्या बायकांनी नोकरी स्वच्छ पुरी केली, शिक्षा नाही, ठपका नाही, त्यांना लष्करी दवाखान्यात उपचार मिळतात. पण कृत्रिम पाय आणि अपंगत्वाचा भत्ता फक्त सैनिकांना. आणि दलातल्या बायका सैनिक होत्या की मदतनीस, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही."

"म्हणजे डॉक्टर माझा पाय तपासणार आणि पाय नाही असं सांगून घरी पाठवणार?"

"मी नियम करत नाही, बाई. मी फक्त खिडकी उघडतो आणि बंद करतो." मग त्याने आवाज खाली आणला. "समितीकडे दाद मागा. दलाची कागदपत्रं छावण्या हलवताना गहाळ झाली आहेत, म्हणून ते साक्षीवर चालतात. त्यांचा मुख्य प्रश्न एकच असतो. तुम्ही लष्करी कायद्याखाली होता का? मनात येईल तेव्हा नोकरी सोडून घरी जाता येत होतं का? येत असेल तर मदतनीस. नसेल तर सैनिक."

"कसं जाणार? त्या हॅलोला तर..." बाई बोलता बोलता एकदम थांबल्या. त्यांचा उरलेला पाय माझ्या वाटीत ताठ झाला.

"काय म्हणालात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

हॅलो म्हणजे कोण, ते सांगतो. दलात त्या छावणीच्या टेलिफोनवर होत्या. वर्षानुवर्षे कानाला टेलिफोन लावून आणि बाहेरचे तोफांचे आवाज सोसून त्यांचे कान कायमचे बिघडले होते. कुणी काही बोलले की त्या "हॅलो?" म्हणत, म्हणून सगळ्या जगाने त्यांना तेच नाव ठेवले. दर आठवड्याला त्या बाईंकडे येत, आणि दोघींच्या गप्पा शेजारच्या चार घरांना ऐकू जात. हॅलोबाईंनी उपचारासाठी अर्ज केला होता. तो मंजूर होण्याच्या बेतात होता. कानाचे ऑपरेशन होईल, नातवाचे बोबडे बोल ऐकू येतील, म्हणून त्या हरखल्या होत्या.

त्या दिवसापासून बाई घरात येरझाऱ्या घालू लागल्या. स्वयंपाकघरातून दारापर्यंत आणि दारापासून परत, डुगडुगत्या पायाने. माझ्या टाचेचे उरलेसुरले रबरही गेले.

"हॅलोबाईंचं काय गं?" शिंपीबुवांनी एकदा विचारलेच. "परवा कुठलं तरी वाक्य अर्धवट गिळलंस तू."

"ते माझं नाही. तिचं आहे."

"मग तिला विचार."

"विचारणं म्हणजे मागणंच आहे, अहो. आणि मी मागितलं तर ती नाही म्हणणार नाही. म्हणून मी मागणार नाही."

 शिंपीबुवांनी मशीन सुरू केले, पण टीप वाकडी गेली ती दिसली मला.

समितीपुढे हॅलोबाई आल्या त्या फक्त अपघाताची साक्ष द्यायला. हॉर्न ऐकून चौकीवरून मदतीसाठी आलेला फोन त्यांनीच पुढे जोडला होता. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा होता, शाळेत शिक्षक. आईच्या कानाशी तोंड नेऊन तो तिला प्रत्येक गोष्ट सांगायचा.

लांब टेबलामागे तिघे बसले होते. मध्ये पांढऱ्या केसांचे अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला गणवेशातला अधिकारी. डॉक्टरांनी बाईंना पाय काढून दाखवायला सांगितला. बाईंनी पट्टे सोडले, तीनही मोजे उतरवले. डॉक्टरांनी मला हातात घेतले, वाटीत बोट फिरवले, तडे पाहिले आणि मला टेबलावर पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवले. म्हणाले, "यावर तुम्ही अजून चालता?"

"चालते. कधी कधी पडते."

जन्मात पहिल्यांदा मी टेबलाच्या वर होतो. सगळ्यांचे चेहरे मला समोर दिसत होते, आणि खरे सांगतो, मला पळून जावेसे वाटत होते. कारण बाई जिंकल्या तर माझे काम संपणार होते, आणि हरल्या तर त्या पुन्हा पडणार होत्या. मला यातले काय हवे होते, ते मलाच कळत नव्हते.

हॅलोबाईंनी अपघाताची साक्ष दिली, खणखणीत आवाजात. अधिकाऱ्याने मान डोलावली. मग अध्यक्षांनी बाईंना विचारले, "तुम्हाला मनात आलं तेव्हा दल सोडून घरी जाता येत होतं का?"

"नाही."

"कशावरून?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले.

"कुणी गेल्याचं आणि तिला शिक्षा झाल्याचं एखादं उदाहरण सांगता येईल?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला आठवत नाही."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवले. त्यांना वाईट वाटलेले दिसत होते. "मग आमच्या हातात फारसं काही उरत नाही, बाई."

"काय झालं?" हॅलोबाईंनी मुलाला विचारले. "हिचा चेहरा का पडला? काय विचारलं त्यांनी?"

मुलगा कानाशी वाकला. पण आई ऐकू येत नाही अशा खुणा करत राहिली, तसा त्याचा आवाज चढत गेला. शेवटी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा तो ओरडला, "मनात आलं तेव्हा घरी जाता येत होतं का? कुणाला शिक्षा झाली होती का, असं विचारतायत! त्या म्हणाल्या, आठवत नाही!"

हॅलोबाई बाईंकडे बघत राहिल्या. बाईंनी मान हलवली. नको, नको, अशी. ते हॅलोबाईंना कानांशिवायही समजले असणार. तरी त्या उठल्या.

"तिला चांगलं आठवतंय," त्या म्हणाल्या. "ती मला सांभाळून घेतेय. शिक्षा मला झाली होती."

मुलाचे तोंड उघडेच राहिले.

"माझी आई अत्यवस्थ होती. मी रजा मागितली, मिळाली नाही. फोनवर बसायला दुसरं माणूस नाही म्हणाले. मी सकाळची पाळी संपवली आणि छावणीच्या फाटकातून सरळ चालत निघाले. अर्ध्या वाटेवर लष्करी पोलिसांनी पकडलं. आठवडाभर कोठडीत होते, बाहेरून कुलूप. ही खिडकीच्या गजांतून मला चहा द्यायची, निम्मा सांडायचा. मी बाहेर आले तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं." त्या मुलाकडे वळल्या. "घरी मी सांगितलं की फोनवर काम जास्त होतं, म्हणून येता आलं नाही. आजपर्यंत तेच सांगत आले."

 गणवेशातला अधिकारी पुढे वाकला. हॅलोबाईंना ऐकू यावे म्हणून तो एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलला. "कोठडी लष्कराची होती? लष्करी अधिकाऱ्याच्या हुकमानं?"

"हो तर! त्याचं नावसुद्धा सांगते. पण तो आता हयात नाही, राहू द्या."

अधिकारी अध्यक्षांकडे वळला. "साहेब, मदतनीस माणसाला आपण कोठडीत घालू शकत नाही. यांना घातलं, म्हणजे त्या लष्करी कायद्याखाली होत्या. आणि या जर होत्या, तर त्याच दलातल्या या ड्रायव्हरबाई पण होत्या."

तिघे आतल्या खोलीत गेले. हॅलोबाईंचा मुलगा जमिनीकडे बघत होता. मग त्याने आईच्या कानाशी तोंड नेले. "एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू शाळेत मुलांना शिस्त शिकवतोस," हॅलोबाई म्हणाल्या. "म्हटलं, आपली आई पळून गेली होती हे तुला कशाला?"

त्याने त्यांचा हात हातात घेतला आणि बसून राहिला.

अध्यक्ष परत आले. बाईंना सैनिक मानण्यात आले आहे, असे त्यांनी सांगितले. पाय मिळेल, भत्ता मिळेल. मग ते हॅलोबाईंकडे वळले आणि त्यांचा आवाज बदलला. "तुम्ही उपचारासाठी नोकरी स्वच्छ असल्याचं लिहून दिलं होतं. आता शिक्षेची गोष्ट नोंदीत आली. तुमचा अर्ज आम्हाला थांबवावा लागेल. मला हे सांगताना बरं वाटत नाही."

बाई उठल्या. मी टेबलावर होतो, हे त्या विसरल्या. एका पायावर, टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग माझाही पाय राहू द्या!"

"काय म्हणाली?" हॅलोबाईंनी विचारले. मुलाने सांगितले नाही. पण मैत्रिणीचे ओठ त्यांना वाचता येत होते. त्यांचा पारा चढला. "खाली बस! तू नाही म्हणालीस तर मी उगाचच तोंड उघडलं असं होईल. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं फुकट बाहेर काढायला लावतेस काय मला? बस म्हणते ना!"

बाई बसल्या. मला पुन्हा पायाला बांधताना त्यांच्या हातांना बकल सापडत नव्हते.

नवा पाय आला. मी खोटे कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला. तो हलका आहे, त्याच्या वाटीत बाईंचा पाय एका मोज्यात बसतो, आणि त्याचे पाऊल बाईंच्याच मापाचे आहे. शिंपीबुवांनी मला कापडाने पुसले, पट्ट्यांना तेल लावले आणि मशीनशेजारी ठेवले. म्हणाले, "पुष्कळ झालं, बाबा. आता बस." त्यांनी ते प्रेमाने म्हटले होते, पण मला बसता येत नाही. मी फक्त टेकू शकतो.

बाईंनाही स्वस्थ बसता येईना. नव्या पायाने त्या आणखी भरभर येरझाऱ्या घालू लागल्या. हॅलोबाईंचे येणे थांबले होते. कान आता पार गेल्यात जमा होते आणि गप्पा कळत नाहीत म्हणून त्या घराबाहेरच पडत नव्हत्या. शेवटी बाईच त्यांच्याकडे गेल्या. तिथे काय झाले ते शिंपीबुवांना त्यांनी आल्यावर सांगितले, म्हणून मला कळले. दोघी इतक्या ओरडून भांडल्या म्हणे की शेजारीण कुणाला काय झाले ते बघायला आली.

"मी म्हटलं तिला," बाई सांगत होत्या, "एखाद्या जवानाला कोठडी झाली आणि ती भोगून तो बाहेर आला, तर तो जवानच राहतो ना? त्याचे उपचार बंद करतात का? मग तू सैनिक असल्याचं त्यांनी तुझ्याच तोंडून ऐकलं, त्यावर मला पाय दिला आणि तुला मात्र मदतनिसांचा नियम लावला. हे चालणार नाही."

"मग काय म्हणाल्या हॅलोबाई?"

"म्हणाली, हॅलो? मला काही ऐकू आलं नाही. मी पाटीवर खडूनं लिहून दाखवलं. मग म्हणाली, उद्या किती वाजता जायचं?"

खिडकीतल्या कारकुनाने बाईंना पाहून चष्मा कपाळावर नेला. "बाई, तुम्हाला तर पाय मिळाला. आता कशाला येता?"

"पाय मिळाला म्हणूनच येते."

त्याने हॅलोबाईंचा अर्ज आत नेला. समितीने तो पुन्हा ऐकायचे कबूल केले. आज त्याची सुनावणी आहे. सकाळी हॅलोबाई मुलाला घेऊन आल्या. या वेळी त्यांच्या अंगावर जुना बिल्ला होता, पदराआड किंवा कोटाआड न लपवता उघड्यावर लावलेला. बाईंनी नवा पाय चढवला, बुटाची नाडी बांधली आणि तिघेही बाहेर पडले. पायरीवर नव्या पावलाचा आवाज झाला, नेमका, एकसारखा. मी कान देऊन ऐकत होतो. आवाज रस्त्यावर गेला आणि गर्दीत मिसळला.

आता दुपार उलटून गेली आहे. शिंपीबुवा मशीन चालवतात, थांबवतात, दारापर्यंत जाऊन येतात, परत बसतात. त्यांनी एकाच बाहीला दोनदा टीप घातली आहे. माझे पट्टे खुंटीला अडकवलेले आहेत, नाहीतर मीही गेलो असतो.

मित्रांनो, माझ्यासारखे काही तुमच्या घरात असेल, कुणाचा पाय, कुणाची कुबडी, कुणाचे कानाचे यंत्र, तर ते ओलसर जागी ठेवू नका. अधूनमधून पुसा, तेल द्या. त्याने कुणाला तरी कुठून तरी घरी आणलेले असते. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी त्या लांब टेबलामागे बसलेच, तर नियम जरूर वाचा, पण त्याआधी समोरच्या माणसाला खुर्ची द्या. तो कशावर चालत तुमच्यापर्यंत आला आहे, ते कापडाआड दिसत नसते.